पात्रं काल्पनिक, चेहरा खरा

कादंबरीच्या सुरुवातीच्या पानांमध्ये बारीक टायपात एक ओळ असते. ‘या कादंबरीतील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून त्यांचे कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी साधर्म्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.’ ही ओळ साहित्यिकांनी शोधून काढलेली नाही, ती कोर्टातून आली. १९३२ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने रशियाच्या झारच्या दरबारातल्या रास्पुतिन या गूढ साधूवर एक चित्रपट काढला. यातली काही माणसं अजून हयात आहेत, असं त्या चित्रपटाने सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं होतं. त्यात नताशा नावाची एक राजकन्या रास्पुतिनच्या वासनेला बळी पडते. रास्पुतिनला मारणाऱ्या फेलिक्स युसुपोव्हची पत्नी इरिना तेव्हा परागंदा अवस्थेत युरोपात राहत होती. ही राजकन्या म्हणजे मीच असं सगळे समजतात, असं म्हणून तिने लंडनच्या न्यायालयात दावा लावला आणि १९३४ मध्ये ती जिंकली. २५ हजार पौंडांची भरपाई मिळाली. तेव्हापासून चित्रपट कंपन्यांनी आणि त्यांच्या मागोमाग प्रकाशकांनी योगायोगाची ही ओळ छापायला घेतली.

या ओळीमागे एक स्त्री उभी आहे. पडद्यावर तिचं नाव घेतलं गेलं नव्हतं, तरी तिची अब्रू गेली होती. कल्पिताचा पडदा कुणासाठी असतो, या प्रश्नाचं उत्तर त्या दाव्यातच आहे. ज्यांनी पुस्तक लिहिलं नाही, ज्यांना कुणी विचारलं नाही आणि तरीही ज्यांचं आयुष्य पुस्तकात ओढलं गेलं, त्यांच्यासाठी तो असतो.

प्रसिद्ध व्यक्तींच्या ‘अर्ध-आत्मचरित्रात्मक’ कादंबऱ्या मात्र हा पडदा उलटा लावतात. मुखपृष्ठावर लेखिकेचा फोटो. तिचं नाव कादंबरीच्या नावापेक्षा मोठं. आतली नायिका तिच्याच वयाची, तिच्याच शहरातली, तिच्याच पार्ट्यांमध्ये फिरणारी. पुस्तक खपतं ते हे सगळं खरं असावं या अपेक्षेवर. आणि कुणी नेमका प्रश्न विचारला की उत्तर तयार असतं: अहो, ही तर कादंबरी आहे. म्हणजे विकायचं खरं म्हणून आणि जबाबदारी आली की कल्पित म्हणून हात झटकायचे. माझा आक्षेप या दुहेरी सोयीवर आहे. नट्यांनी, मॉडेलनी, टीव्हीवरच्या चेहऱ्यांनी कादंबऱ्या लिहू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी लिहाव्यात. प्रसिद्धी आतून कशी दिसते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत निकोल रिचीची ‘द ट्रुथ अबाउट डायमंड्स’ आली. निकोल तेव्हा २४ वर्षांची होती. गायक लायनेल रिचीची ती दत्तक मुलगी. जन्मदाता बापही संगीतकारच. २००३ साली पॅरिस हिल्टनबरोबरच्या ‘द सिंपल लाइफ’ या मालिकेने ती घराघरात पोचली आणि त्याच वर्षी अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला अटक झाली. कादंबरीची नायिका क्लोई पार्कर हीसुद्धा एका बड्या संगीतकाराने दत्तक घेतलेली मुलगी आहे. तीही लॉस एंजेलिसच्या रात्रींमध्ये आणि नशेत वाहवत जाते. पुस्तक चांगलं खपलं.

या विषयाला कुणी क्षुल्लक म्हटलं तर मला ते पटणार नाही. एका संगीतकाराच्या घरी जन्मलेलं मूल दुसऱ्या, कितीतरी जास्त प्रसिद्ध संगीतकाराच्या घरात वाढतं. त्याला आडनाव मिळतं, पैसा मिळतो, आणि आपण इथे का आहोत हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही. मोठ्या कादंबरीकाराने पाच-दहा वर्षं द्यावीत असा हा ऐवज आहे. पण बाजाराला त्यात रस नव्हता. त्याला हवं होतं ते एवढंच: यातली क्लोई म्हणजे किती टक्के निकोल, आणि तिची ती मैत्रीण म्हणजे नेमकी कोण. वाचकाला एकदा या ओळखपरेडीला बसवलं की दत्तक मुलीचं दुःख त्याच्या हातून निसटतं. तो माणसं वाचायचं सोडून नावं शोधत बसतो.

हे पुस्तक काढणाऱ्या ज्युडिथ रीगन यांच्या प्रकाशनाने पुढच्याच वर्षी अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचं ‘इफ आय डिड इट’ जाहीर केलं. घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांच्या खुनाच्या आरोपातून सिम्पसन १९९५ मध्ये सुटला होता. १९९७ च्या दिवाणी खटल्यात मात्र त्याला या मृत्यूंसाठी जबाबदार धरण्यात आलं. आता तो ‘समजा मी हे केलं असतं तर’ अशा थाटात त्या रात्रीचं वर्णन विकायला निघाला होता. लोक इतके खवळले की मालक कंपनीने पुस्तक रद्द केलं आणि रीगन यांना नोकरी गमवावी लागली. पुढे २००७ मध्ये पुस्तकाचे हक्क कोर्टामार्फत गोल्डमन कुटुंबाकडे आले. त्यांनी ते छापलं, पण शीर्षकातला ‘इफ’ इतका बारीक केला की तो दिसेनासाच झाला. दोन पुस्तकांची बरोबरी करणं निकोल रिचीवर अन्यायाचं होईल. तिने कुणाचा जीव घेतला नव्हता. पण कल्पिताचा आडोसा शेवटी कुठपर्यंत ताणला जाऊ शकतो, हे त्या ‘इफ’ने दाखवलं. खुनात माणूस गमावलेल्या घराने तो एवढासा करून टाकला, यात मला पूर्ण न्याय वाटतो.

आता कॅरी फिशर. माझ्या मते या प्रकारच्या लेखनाची खरी कसोटी तिने १९८७ मध्येच घालून दिली होती, ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम द एज’ या कादंबरीत. आई डेबी रेनॉल्ड्स, बाप एडी फिशर, दोघंही पन्नासच्या दशकातले अफाट लोकप्रिय तारे. कॅरी जेमतेम दोन वर्षांची असताना बाप एलिझाबेथ टेलरसाठी घर सोडून गेला आणि अख्ख्या अमेरिकेने ते वर्तमानपत्रांतून वाचलं. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला आणि विशीच्या आतबाहेरची ही मुलगी जगभर प्रिन्सेस लेया म्हणून ओळखली जाऊ लागली. १९८५ मध्ये औषधांच्या अतिसेवनाने ती मरता मरता वाचली.

या आयुष्यातून दोनच वर्षांनी तिने कादंबरी काढली. गप्पांच्या बाजारात तिच्याकडे सोनंच होतं. एलिझाबेथ टेलरवर एक झिरझिरीत पडदा टाकून दोनशे पानं लिहिली असती तरी पुस्तक हातोहात गेलं असतं. तिने ते केलं नाही. तिची नायिका सुझॅन वेल ही नटी आपल्याला पहिल्यांदा भेटते ती पोट धुऊन काढल्यानंतर. ज्याने पोट साफ केलं त्याला आपण आपला फोन नंबर द्यायला नको होता बहुधा, असा विचार ती करते आहे. मरणाच्या दारातून आलेल्या बाईला पहिली चिंता ही, की आपण समोरच्याला आवडलो की नाही. प्रसिद्धीचा रोग इतक्या थोडक्यात आणि इतक्या निर्दयपणे मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. आणि हा निर्दयपणा स्वतःवर आहे.

पुढे व्यसनमुक्ती केंद्रातली सुझॅनची रोजनिशी येते. तिच्याबरोबर अॅलेक्स नावाच्या एका कोकेनग्रस्त तरुणाचं स्वगत येतं. तो स्वतःशी वाद घालत घालत, स्वतःला पटवत पटवत पुन्हा नशेत कसा शिरतो, हे वाचताना घसा कोरडा पडतो. माणूस स्वतःला किती सभ्य भाषेत फसवतो! ‘आज शेवटचं’, ‘एवढंच’, ‘माझ्या हातात आहे’. दारूच्या व्यसनाने पोखरलेलं एखादं घर ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना ही वाक्यं परकी वाटणार नाहीत. हॉलिवूडच्या पार्टीत कधीही न गेलेल्या वाचकापर्यंत ही कादंबरी पोचते ती यामुळे. तिच्या केंद्रस्थानी पार्टीची झगमग नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. १९९० मध्ये माइक निकोल्सने तिच्यावर चित्रपट केला, पटकथा कॅरीनेच लिहिली. त्यात आईचं पात्र बरंच मोठं झालं. तिथेही मुलीच्या वागण्यावर पांघरूण घातलेलं नाही.

कॅरी फिशरने पडदा वापरला तो स्वतःला लपवायला नाही. स्वतःचं नाव बाजूला ठेवल्यामुळे तिला स्वतःकडे परक्यासारखं पाहता आलं. पुढे मानसिक आजाराबद्दल आणि व्यसनाबद्दल ती स्वतःच्या नावानेही उघड बोलली, २००८ मध्ये आठवणींचं पुस्तकही लिहिलं. कादंबरीत जे सांगितलं ते तिने नंतर कधी नाकारलं नाही.

याच्या नेमकं उलट टोकाला ट्रुमन कपोटी. तो उत्तम लेखक होता, कॅरीपेक्षा वाक्यावर त्याची हुकमत जास्त होती, आणि स्वतःही मोठा सेलिब्रिटी होता. २८ नोव्हेंबर १९६६ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात त्याने दिलेला काळ्या-पांढऱ्या पोशाखांचा मेजवानी-नाच आजही विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली पार्टी म्हणून सांगितला जातो. न्यूयॉर्कच्या गर्भश्रीमंत बायकांचा तो जिवलग होता. त्या त्याला आपल्या बोटींवर, बंगल्यांवर न्यायच्या, नवऱ्यांची लफडी सांगायच्या, रडायच्या. त्याच वर्षी त्याने ‘आन्सर्ड प्रेयर्स’ या कादंबरीचा करार केला होता. तिचं एक प्रकरण १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात आलं. एका उच्चभ्रू रेस्टॉरंटातल्या जेवणाच्या टेबलावर सगळी गुपितं मांडलेली होती. नावं बदललेली, पण इतकी पारदर्शक की न्यूयॉर्कमध्ये कुणालाही विचारावं लागलं नाही.

त्यातलं अॅन हॉपकिन्स हे पात्र उघडउघड अॅन वुडवर्डवर बेतलेलं होतं. १९५५ मध्ये अॅनच्या हातून नवरा गोळी लागून मेला होता. चोर समजून गोळी झाडली असं तिने सांगितलं आणि ग्रँड ज्यूरीने तिच्यावर खटला भरला नाही. कपोटीने मात्र तो खूनच होता असं लिहिलं. अंक बाजारात यायच्या थोडं आधी अॅनने आत्महत्या केली. तिने मजकूर आधीच वाचला होता, असं तेव्हापासून सांगितलं जातं. आत्महत्येचं कारण कधीच एक नसतं, त्यामुळे तो मृत्यू मी एका लेखावर टाकणार नाही. पण वीस वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडायचा अधिकार कपोटीला कुणी दिला होता? बेब पेली ही त्याची सर्वांत जवळची मैत्रीण. तिच्या नवऱ्याचं म्हणून सगळ्यांनी ओळखलेलं एक किळसवाणं प्रकरण त्याने त्यात घातलं. ती तेव्हा कर्करोगाने आजारी होती. १९७८ मध्ये ती गेली, आणि तोवर तिने त्याच्याशी संबंध पुन्हा जोडला नाही. कपोटी १९८४ मध्ये गेला, कादंबरी अपुरीच राहिली.

कपोटीचे चाहते म्हणतात की लेखकाला सगळंच साहित्य असतं, त्या बायकांना हे कळायला हवं होतं. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे, मराठीतसुद्धा, आणि तो मला कधीच पटलेला नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट लेखकाच्या कानात शिरली म्हणून तिची मालकी बदलत नाही. कादंबरीतला निवेदक पी. बी. जोन्स हा कपोटीचाच अवतार आहे आणि तोही काही सज्जन नाही, हे मान्य. पण त्या प्रकरणात ज्यांची राख झाली ती बाकीची माणसं होती. निवेदक तिथे ऐकणारा, मजा घेणारा. स्वतःचं काहीच पणाला न लावता त्याने इतरांचं लावलं.

पडद्याचा आणखी एक वापर आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. तो म्हणजे लिहिणाऱ्या हातावर टाकलेला पडदा. १९९४ मध्ये सुपरमॉडेल नेओमी कॅम्पबेलच्या नावाने ‘स्वान’ ही मॉडेलच्या आयुष्यावरची कादंबरी आली. ती लिहिली होती कॅरोलिन अपचर यांनी. ब्रिटनमध्ये मॉडेल केटी प्राइसच्या कादंबऱ्या रेबेका फार्नवर्थ यांनी लिहिल्या. २००७ मधली ‘क्रिस्टल’ ही त्यांपैकीच एक. बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीतल्या सगळ्या पुस्तकांच्या एकत्रित खपापेक्षा ती जास्त खपल्याच्या बातम्या तेव्हा झळकल्या आणि साहित्याचं कसं होणार म्हणून बरेच उसासे टाकले गेले. मला त्या खपाचं दुःख नाही. ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नसतं अशा कितीतरी जणी त्या निमित्ताने वाचायला बसल्या असतील, तर बरंच झालं. मला खटकतं ते मुखपृष्ठ. कुणी लिहिलं हे जाणकारांना ठाऊक होतं, वर्तमानपत्रांत येत होतं, तरी वर नाव एकच. आत्मचरित्राचं शब्दांकन दुसऱ्याने केलं तर निदान आयुष्य तरी सांगणाऱ्याचं असतं. पण कादंबरी म्हणजेच शब्द, रचना, पात्रं. तीच दुसऱ्याने केली असेल तर वर नाव असलेल्या व्यक्तीने नेमकं काय लिहिलं? कॅरी फिशरला ही बाजूही माहीत होती. कादंबरीनंतर अनेक वर्षं ती हॉलिवूडच्या पटकथा दुरुस्त करून द्यायची आणि त्यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.

मराठी माणसाला हा सगळा प्रकार लांबचा वाटत असेल तर शोभा डे यांची आठवण करून द्यायला हवी. राजाध्यक्षांची ही मुलगी आधी मॉडेल होती, मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्टारडस्ट’ची संपादक झाली. नाव न घेता नेम धरण्याची कला मुंबईत त्या मासिकाने रुजवली. १९८९ मध्ये त्यांची ‘सोशलाइट इव्हिनिंग्ज’ आली. छोट्या शहरातून येऊन मुंबईच्या श्रीमंत वर्तुळात शिरलेल्या, मॉडेलिंग केलेल्या करुणाची ही गोष्ट. लगेच अंदाज बांधणं सुरू झालं: करुणा म्हणजे कोण, अंजली म्हणजे कोण. समीक्षकांनी तिला चटोर वाङ्मय म्हणून बाजूला सारलं. मला तो निकाल घाईचा वाटतो. त्यातल्या पार्ट्या आज शिळ्या झाल्या आहेत. पण करुणाचा नवऱ्याशी असलेला कोरडा, अबोल संसार, बरोबर राहूनही कुणी आपल्याकडे पाहत नाही ही तिची जाणीव, हे अजून टवटवीत आहे. ते लिहिताना लेखिकेला कुणाकडेही बोट दाखवायची गरज पडली नाही. जिथे बोट दाखवलं तिथेच पुस्तक पातळ झालं.

आणि हंसा वाडकर. ‘संत सखू’, ‘रामजोशी’, ‘सांगत्ये ऐका’ची ही नायिका. तिने कादंबरीचा आधार घेतलाच नाही. तिचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलं. शब्दांकन अरुण साधूंचं, आणि ते कुणी लपवलं नाही. दारू, मोडलेला संसार, लहानपणापासून तिच्या कमाईवर चाललेलं घर, पुरुषांनी केलेला आणि तिने स्वतः ओढवून घेतलेला घात, हे सगळं ती स्वतःच्या नावाने बोलली. त्या काळातल्या मध्यमवर्गीय घरांना ते पचलं नाही. तिला त्याचा फायदा फारसा झालाच नाही. १९७१ मध्ये ती गेली, आणि या आत्मकथनावर बेतलेला श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ हा चित्रपट आला १९७७ मध्ये. मराठीत तारकेने प्रसिद्धीबद्दल लिहिलेलं याहून खरं पुस्तक मला माहीत नाही.

पण प्रत्येकीने हंसा वाडकर व्हावं अशी मागणी मी करणार नाही. आपल्याकडे अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा आहे. आधी भारतीय दंड विधानाच्या ४९९ आणि ५०० कलमांखाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमाखाली. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय फक्त खरं बोलणं हा तिथे पुरेसा बचाव नाही. ते बोलणं लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. एखाद्या नवख्या अभिनेत्रीने पार्टीत, ऑडिशनला, आउटडोअर शूटिंगच्या हॉटेलात आपल्याशी काय झालं ते बड्या निर्मात्याचं नाव घेऊन लिहिलं, तर काम तर जाईलच, वर कोर्टाच्या तारखांना हेलपाटे. तिला कादंबरी हाच एक मार्ग उरतो. केरळात मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या हेमा समितीसमोर स्त्रियांनी जे सांगितलं, त्याचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारकडे गेला आणि थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, काही भाग वगळून, बाहेर आला. त्यात कुणाचीही नावं नव्हती. तरी तो इतका खरा होता की आठवडाभरात अनेकजणी स्वतःच्या नावाने पुढे आल्या आणि कलाकारांच्या संघटनेच्या कार्यकारिणीला पायउतार व्हावं लागलं. नावाशिवायचं सत्यही सत्ता हलवू शकतं, ते बोलणारी बाजू दुबळी असेल तर.

म्हणून उद्या मराठी मालिकांमधल्या किंवा रील्समधून नावारूपाला आलेल्या एखादीने आपल्या जगाची कादंबरी लिहिली, तर तिने निर्मात्याचं नाव बदलावं, शहर बदलावं, वय, गाडी, बायकोचं माहेर सगळं बदलावं. मैत्रिणीने रात्री तीन वाजता रडत सांगितलेलं तर मुळीच घेऊ नये. दुसऱ्या कुणी लिहून दिलं असेल तर त्याचं नाव मुखपृष्ठावर, तिच्या नावाखाली, वाचता येईल एवढ्या टायपात छापावं आणि प्रकाशकाने तसा करारच करावा. मात्र आपल्या नायिकेला तिने धुतल्या तांदळासारखी ठेवू नये. त्या पार्टीला ती का गेली, पुन्हा का गेली, कुणाचा अपमान होताना ती हसत उभी राहिली, हे तिने लिहावं.